टूल्स आणि कूलंटची विक्री: नवीन पार्ट्या आणणारी माणसं वेगळी ठेवावीत का?

टूलिंग_भोसरी:
नमस्कार मंडळी. कटिंग टूल्स, इन्सर्ट्स (टूलवर बसवायचे, बदलता येणारे धारेचे छोटे तुकडे) आणि कूलंट (धातू कापताना सोडायचं, पाण्यात मिसळलेलं थंडाव्याचं तेल) यांची डीलरशिप आहे. गिऱ्हाईक म्हणजे भोसरी, चाकण, तळेगाव भागातली मशीन शॉप्स. सेल्स इंजिनिअर ५, चालू खाती १३०. प्रत्येकाकडे साधारण २६ खाती आणि त्यावर दर महिन्याला २ नवीन खाती उघडायचं टार्गेट. वर्षभरात नवीन खाती जेमतेम ११ उघडली. त्यातल्या ६ जणांनी दुसरी ऑर्डर दिलीच नाही. इन्सेंटिव्ह सरसकट उलाढालीवर १ टक्का आहे.

दोघांना फक्त नवीन गिऱ्हाइकांवर आणि तिघांना जुन्या खात्यांवर लावायचा विचार आहे. तांत्रिक मालाच्या विक्रीत अशी विभागणी टिकते का? इन्सेंटिव्ह कसा बांधावा?

शॉपफ्लोअर:
माणसं वाटण्याआधी भेटींचा हिशेब मांडा. २६ खात्यांपैकी ६ मोठी धरली आणि त्यांना आठवड्याला एक भेट दिली, तर महिन्याच्या २४ भेटी. ८ मध्यम खात्यांना पंधरवड्याला एक, म्हणजे १६. उरलेली १२ छोटी महिन्यातून एकदा. एकूण ५२. कामाचे दिवस २५ आणि रोजच्या ४ भेटी धरल्या तरी १०० होतात. म्हणजे कागदावर ४८ भेटी शिल्लक आहेत. त्या जातात कुठे, ते शोधा.

बहुतेक ठिकाणी त्या खालच्या कामांत जातात: गाडीत टाकून अर्जंट माल पोचवणं, चलनावर सही घेणं, स्टोअरमध्ये जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झालं का बघणं, बिलाची कॉपी अकाउंट्सला पुन्हा देणं, पीओतला (खरेदी ऑर्डरमधला) रेट चुकला म्हणून परचेसमध्ये ताटकळणं. यातल्या एकाही कामाला इंजिनिअर लागत नाही. ऑफिसात बसून पीओ, डिस्पॅच, जीआरएन आणि बिलांचा पाठपुरावा करणारी एक व्यक्ती नेमा. पीओ आला की रेट, मात्रा, ग्रेड (इन्सर्टच्या मटेरियलचा प्रकार) तपासून त्याच दिवशी कन्फर्मेशन जायला हवं. माल गेल्यावर तिसऱ्या दिवशी जीआरएनचा फोन जायला हवा. एवढं केलं तरी प्रत्येक इंजिनिअरचे आठवड्यातले दीड-दोन दिवस मोकळे होतील.

दुसरं, महिन्याला २ नवीन खात्यांचं टार्गेट टूलिंगमध्ये अवास्तव आहे. पहिली भेट, ड्रॉइंग आणि चालू टूलची माहिती, ट्रायल (आपलं टूल त्यांच्या मशीनवर चालवून दाखवणं), रिपोर्टवर प्रॉडक्शनची सही, व्हेंडर कोड (पुरवठादार म्हणून नोंद), रेटवर घासाघीस, पहिला पीओ. यात ८ ते १० भेटी आणि ३ ते ४ महिने सहज जातात. टार्गेट महिन्याचं असलं की माणूस एखाद्या छोट्या वर्कशॉपला २ एंडमिल (मिलिंगची टूल्स) विकून खातं उघडल्याचं दाखवतो. तुमच्या त्या ६ खात्यांची पहिली बिलं काढून बघा, रक्कम काय होती ते कळेल.

ट्रायल_रिपोर्ट:
वरचा हिशेब बरोबर आहे, पण खरी अडचण मला तुमच्या १ टक्क्यात दिसते. तो आकडा जुन्या आणि नवीन, दोन्ही गिऱ्हाइकांचं नुकसान करतोय. उदाहरण घेऊ.

जुन्या गिऱ्हाइकाकडे टर्निंगला सीएनएमजी १२०४०८ इन्सर्ट चालतं. किंमत ३२० रुपये, धारा ४, म्हणजे धारेला ८० रुपये. एका धारेवर ५० जॉब निघतात, तर जॉबला १ रुपया ६० पैसे. आता वरच्या ग्रेडचं इन्सर्ट ४०० रुपयांना, धारेला १०० रुपये, पण जॉब निघतात ८०. खर्च जॉबला सव्वा रुपया. महिन्याला २०,००० जॉब असतील तर गिऱ्हाइकाचे ७,००० रुपये वाचतात. धार बदलणं ४०० वेळांवरून २५० वर येतं. दर वेळी ३ मिनिटं धरली तरी मशीनचे साडेसात तास वाचले. कारखानदाराला त्या तासांची किंमत ७,००० पेक्षा जास्त वाटते.

आता तुमच्या बाजूने बघा. आधी महिन्याला १०० इन्सर्ट जायची, म्हणजे ३२,००० रुपये. आता ६३ पुरतात, म्हणजे सुमारे २५,०००. उलाढाल ७,००० रुपयांनी घटली आणि इंजिनिअरचा इन्सेंटिव्हही घटला. मग तो आपल्याच खात्यात ही ट्रायल कशाला घेईल? तो घेत नाही. पण दुसऱ्या डीलरच्या माणसासाठी ते नवीन खातं असतं, त्याला २५,००० पूर्ण मिळणार असतात. तो येतो, ट्रायल घेतो, आणि तुमचे ३२,००० एका महिन्यात शून्य होतात. टूलिंगमधली जुनी गिऱ्हाइकं बहुतेक अशीच जातात. रेटवरून गेलं असं परचेस सांगतं, कारण तेच सांगायला सोपं असतं.

म्हणून जुनं खातं सांभाळणं म्हणजे चहा पिऊन ऑर्डर घेऊन येणं, हे डोक्यातून काढा. मोठ्या खात्यात दर तिमाहीला निदान एक सुधारणेची ट्रायल आपणहून झाली पाहिजे. रिपोर्टमध्ये जॉबचं मटेरियल आणि हार्डनेस, कटिंग स्पीड, फीड, कटची खोली, धारेला निघालेले जॉब आणि इन्सर्ट काढायचं कारण एवढं लिहाच. धार घासली म्हणून काढली, चिपली म्हणून काढली की फिनिश बिघडला म्हणून, यावर पुढची ग्रेड ठरते. जॉब किमान ३ धारांवर मोजा. एका धारेचा आकडा फसवतो, कारण त्या दिवशी फोर्जिंगची बॅच मऊ असू शकते. खाली प्रॉडक्शनवाल्यांची सही घ्या. हाच कागद पुढे रेट वाढवताना परचेससमोर ठेवता येतो.

विभागणीबद्दल माझं मत: ज्याने ट्रायल घेतली त्याला पहिल्या पीओनंतर लगेच काढू नका. ऑपरेटर त्याला ओळखतो. दुसऱ्या लॉटमध्ये धार चिपली तर फोन त्यालाच येणार.

हिशेब_वही:
इन्सेंटिव्हवर लिहितो. आधी ‘नवीन’ची व्याख्या कागदावर आणा: मागच्या १८ महिन्यांत ज्या पॅनवर एकही बिल नाही ती पार्टी. जीएसटी नंबरातले तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतचे १० अक्षर-अंक म्हणजे पॅन, तेवढे जुळवून बघा. नाहीतर जुन्याच मालकाचं दुसऱ्या राज्यातलं युनिट नवीन म्हणून दाखवलं जातं.

टक्का उलाढालीवर नको, ग्रॉस मार्जिनवर (विक्री वजा मालाची खरेदी) द्या. उलाढालीवर असेल तर माणूस डिस्काउंट देऊन ऑर्डर आणतो, त्याच्या खिशाला काहीच लागत नाही. नवीन खात्याची रक्कम टप्प्यांत द्या: सही झालेल्या ट्रायल रिपोर्टवर थोडी, पहिल्या पीओवर थोडी, आणि मोठा भाग तिसरी ऑर्डर येऊन पहिल्या बिलाचे पैसे जमा झाल्यावर. त्यानंतर १२ महिने मार्जिनचा चढा टक्का. जुन्या खात्यांसाठी मागच्या १२ महिन्यांच्या सरासरी मार्जिनचा पाया धरा आणि वाढीवर द्या. पाया राखल्याबद्दलही छोटी ठरावीक रक्कम हवी, नाहीतर मंदीच्या तिमाहीत जुन्या खात्यांकडे कुणी फिरकणार नाही.

वसुली यात जोडलेली हवीच. मार्जिन १२ टक्के आणि उधारी ९० दिवसांची असेल, तर वर्षाला १२ टक्के व्याजाने ३ टक्के तिथेच गेले. शिवाय जीएसटी बिलाच्या तारखेनुसार भरायचा असतो. मासिक रिटर्न असेल तर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. नवीन खात्याला पहिल्या ३ बिलांना आगाऊ किंवा १५ दिवस, मग ३०, मग ठरलेली मर्यादा. ‘आमचं उद्यम सर्टिफिकेट (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) आहे, ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतील’ असं धरून चालू नका. ट्रेडर्सना २०२१ मध्ये उद्यम नोंदणी मिळाली ती बँकांच्या प्राधान्यक्षेत्र कर्जापुरती, ४५ दिवसांचा नियम त्यात येत नाही.

आणि गळती आधी ओळखा. टॅलीतून ग्राहकवार, मालवार विक्री एक्सेलमध्ये काढा. प्रत्येक खात्याच्या दोन ऑर्डरींमधलं नेहमीचं अंतर काढा. ते दीडपट झालं की त्याच आठवड्यात भेट. एकूण बिलाच्या आकड्यावर विसंबू नका. कूलंट चालू असतं आणि ड्रिल्स दोन महिन्यांपासून दुसरीकडून येत असतात, ते फक्त मालवार यादीतच दिसतं.

टूलिंग_भोसरी:
खूप उपयोगी. उलाढालीचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. मग खातं एकाकडून दुसऱ्याकडे द्यायचं तर कधी? आणि कूलंटच्या खात्यांनाही हेच लागू होतं का?

शॉपफ्लोअर:
इन्सर्टसाठी तिसऱ्या ऑर्डरनंतर, साधारण सहाव्या महिन्यात. ट्रायल चालू असताना, रिजेक्शनचा वाद असताना किंवा बिल थकलेलं असताना खातं हलवू नका; नवा माणूस ते भांडण उगाच अंगावर घेतो. तीन भेटी एकत्र करा. पहिलीत प्रॉडक्शन, टूल क्रिब (टूल्सचं स्टोअर), परचेस आणि अकाउंट्स, चारही ठिकाणी ओळख. दुसरीत नव्या माणसाने बोलायचं, जुन्याने गप्प बसायचं. तिसऱ्या भेटीत जुना फक्त गेटपर्यंत. सोबत एक पानाची नोंद: मशीन किती, कोणत्या ऑपरेशनला कोणती ग्रेड आणि पॅरामीटर्स, रेट कॉन्ट्रॅक्ट कधी संपतं, पेमेंट महिन्याच्या कोणत्या तारखेला सुटतं. उघडणाऱ्याचा इन्सेंटिव्ह त्या तारखेला एकदम तोडू नका, पुढचे ६ महिने निम्मा चालू ठेवा. नाहीतर तो खातं सोडणार नाही.

कूलंट वेगळं आहे. तिथे पहिलं बॅरल विकणं सोपं, टिकवणं अवघड. ऑपरेटर टँक खाली गेली की नुसतं पाणी ओततो. ६ टक्क्यांचं मिश्रण ३ वर येतं, जॉबवर गंज धरतो आणि खापर कूलंटवर फुटतं. भोसरीकडे गुरुवारची सुट्टी, मशीन बंद, वर तरंगणारं स्लाइडवे ऑइल (मशीनच्या सरकत्या भागांचं वंगण) हवा अडवतं, बॅक्टेरिया वाढतात आणि शुक्रवारी सकाळी शॉपमध्ये वास. त्याच दिवशी दुसऱ्याचं फुकट ट्रायल बॅरल आत येतं.

इथे सेल्स इंजिनिअरपेक्षा सर्व्हिसचा मुलगा जास्त कामाचा. पंधरवड्याला फेरी, हातात रिफ्रॅक्टोमीटर (मिश्रणाची तीव्रता मोजायचं उपकरण) आणि पीएच पट्ट्या. रिफ्रॅक्टोमीटरचं रीडिंग थेट टक्के नसतात, त्या कूलंटच्या फॅक्टरने गुणावं लागतं. रीडिंग ४ आणि फॅक्टर दीड असेल तर ६ टक्के. पीएच ८.५ च्या खाली जायला लागला की लगेच कळवायचं. टॉप-अप कमी तीव्रतेच्या तयार मिश्रणाचाच, आणि मिश्रण करताना पाण्यात तेल ओतायचं, तेलात पाणी नाही. मशीनवार आकड्यांचा तक्ता शॉपमध्येच लावा. आणि फेरी बुधवारी दुपारी ठेवा, म्हणजे सुट्टीआधी स्किमरने वरचं तेल काढून घेता येतं.