मदत हवी आहे: व्हिम एडिटरमध्ये ओळीच्या पलीकडे कर्सर, पण हवा तेव्हाच

कोडच्या कॉमेंटमध्ये मी +, - आणि | वापरून चौकटी काढतो. ओळीत ९ अक्षरं असतील आणि उभी रेघ ४०व्या रकान्यात हवी असेल, तर ३० वेळा स्पेसबार बडवायचा. ‘सेट व्हर्च्युअलएडिट=ऑल’ केलं की कर्सर रिकाम्या जागेत कुठेही जातो, टाइप केलं की मधली जागा आपोआप स्पेसने भरते. इथवर झकास.

त्रास पुढे आहे. साधा कोड लिहिताना वर-खाली गेलं तरी कर्सर ओळीबाहेरच तरंगतो आणि माझा सेमिकोलन हातभर लांब जाऊन पडतो. ‘ऑल’ऐवजी ‘ब्लॉक’ लावून पाहिलं, ते फक्त ब्लॉक (चौकोनी) निवडीपुरतं. ‘इन्सर्ट’ने निम्मंच काम होतं, टाइप करणं थांबवून नॉर्मल मोडमध्ये (आज्ञा देण्याच्या स्थितीत) आलं की कर्सर पुन्हा ओळीच्या टोकाला.

आवृत्ती ९.१, टर्मिनलमधली, ऑफिसच्या सर्व्हरवर. प्लगइन टाकता येत नाही, व्हिमआरसी (व्हिमची सेटिंग्जची फाइल) बदलता येते. मजकूर रोमन लिपीतच आहे, त्यामुळे जोडाक्षरांच्या रुंदीचा घोळ नाही. दुसरा एडिटर कृपया सुचवू नका, तो वाद नकोच.

‘ऑल’ एकाच कळीने चालू-बंद करणारं मॅपिंग कसं लिहायचं? आणि ते चालू असताना स्टेटसलाइनवर (खालच्या माहितीच्या पट्टीवर) खूण कशी दाखवायची?