जपानी पुराणकथा लहान मुलांना सांगताना काय गाळायचं?

प्रश्न: लेक सहा वर्षांची आहे, रोज रात्री गोष्ट लागते. कोजिकी या जुन्या जपानी ग्रंथातली (इ.स. 712) सूर्यदेवी अमातेरासूची सांगायचीय, पण तिचा भाऊ सुसानोओ सोललेला घोडा विणकामघराचं छप्पर फोडून आत टाकतो, त्यात एक विणकरीण मरते, हे कसं सांगू?

उत्तर: घोडा गाळा, पण त्याने भातशेतीचे बांध फोडले ते ठेवाच, नाहीतर देवी गुहेत का लपली तेच कळत नाही. खरी मजा पुढे, सगळीकडे अंधार, देव जमतात, कोंबडे आरवायला लावतात, उझुमे ही देवी पालथ्या पिंपावर दणादण नाचते, देव खो खो हसतात आणि अमातेरासू काय चाललंय म्हणून फटीतून बघते तर समोर आरसा! इथे थांबून लेकीला विचारा, कोण दिसलं असेल?

उत्तर: मी तर आधी इनाबाचा (जपानमधला जुना प्रांत) ससा सांगेन. मगरींना (काहीजण शार्क म्हणतात) मोजतो सांगून त्यांच्या पाठीवरून समुद्र ओलांडतो, शेवटी फुशारकी मारतो आणि कातडं गमावतो. ओकुनिनुशी या देवाचे भाऊ त्याला खाऱ्या पाण्यात अंघोळ करायला लावतात, ओकुनिनुशी मात्र गोड्या पाण्याने धुऊन पाणकणसाच्या परागात लोळायला सांगतो. दुखणं गाळू नका, मुलांना झेपतं.

प्रश्नकर्ती: मस्त, आज ससाच सांगते. गुहेची रविवारी, आरसा हातात घेऊन.