मदत हवी आहे: ऑस्ट्रेलियात स्थलांतर कायद्याच्या कलम ५०१खाली (गुन्ह्याच्या शिक्षेमुळे) व्हिसा रद्द, फेडरल कोर्टात जायचंय

नमस्कार मंडळी,

माझ्या मावसभावाला मेलबर्नमध्ये १४ महिन्यांची शिक्षा झाली. १२ महिने किंवा जास्त शिक्षा असली की तुरुंगात असतानाच व्हिसा रद्द होतो, तसा झाला. २८ दिवसांच्या आत फेरविचाराचा अर्ज केला, नामंजूर. मग ९ दिवसांत न्यायाधिकरणात गेलो, तिथेही नकार. सध्या तो इमिग्रेशन डिटेन्शनमध्ये आहे.

फेडरल कोर्टासाठी निर्णयापासून ३५ दिवस मिळतात, त्यातले १६ गेले. कोर्ट पुन्हा गुणदोष बघत नाही, फक्त कायद्याची गंभीर चूक बघतं, हे माहीत आहे; त्यामुळे चांगल्या वर्तणुकीची पत्रं आता उपयोगाची नाहीत. आमचा मुद्दा एकच. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीबद्दल बालमानसतज्ज्ञांचा अहवाल वेळेत दिला होता, निकालपत्रात त्याचा साधा उल्लेखही नाही.

मोफत कायदेमदत नाकारली गेली. एक वकील तयार आहेत, पण त्यांची वेळ मुदतीनंतरची. मुदत चुकवायची नाही.

कुणी आधी स्वतः अर्ज दाखल करून मुद्दे नंतर वकिलाकडून दुरुस्त करून घेतलेत का? आणि तोवर त्याला भारतात परत पाठवू नये म्हणून कोर्टात वेगळा अर्ज करावा लागतो का?