लघुपटाची पटकथा: मनातले विचार कसे लिहावेत?

कृष्णाकाठ (सांगली):
नमस्कार. २०१९ च्या महापुरावर मी एक कथा लिहिली असून तिच्यावर साधारण दहा मिनिटांचा लघुपट करावा, असा आम्हा मित्रांचा विचार आहे. गावभागातल्या घरात पाणी शिरू लागले तरी आजी घर सोडत नाही आणि नातू तिची मनधरणी करतो, एवढेच कथानक आहे. कथेत आजीच्या मनातले विचारच अधिक आहेत. त्यांचे पटकथेत काय करावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मिरजकर:
पटकथेत जे दिसते आणि ऐकू येते तेवढेच लिहायचे, तेही वर्तमानकाळात. ‘आजीला सारे आयुष्य आठवले’ हे वाक्य कथेत शोभते, परंतु त्यावरून छायाचित्रकाराने नेमके काय टिपायचे? त्याऐवजी असे लिहून पाहा:

दृश्य ३. आतील. आजीचे स्वयंपाकघर. पहाट.
उंबरठ्यावरून पाणी आत येते. आजी लोणच्याची बरणी माळ्यावर चढवते. नातू तिची पिशवी भरतो. आजी पिशवीतले लुगडे काढून पुन्हा दांडीवर टाकते.

प्रत्येक दृश्याच्या माथ्यावर क्रमांक, आतील की बाहेरील, स्थळ आणि वेळ द्यावी. स्थळ किंवा वेळ बदलली की नवे दृश्य. कॅमेऱ्याच्या हालचाली दिग्दर्शकावर सोडाव्यात (हौशी लेखकांना ‘क्लोजअप’ लिहिण्याचा मोह फार).

जुना रंगकर्मी:
एक पान म्हणजे एक मिनिट, हा हिशेब कूरियर टंकातल्या १२ पॉइंटच्या इंग्रजी पटकथेचा आहे. देवनागरीत तो अंदाजापुरताच धरावा आणि घड्याळ लावून, हालचालींसह, मोठ्याने वाचून पाहावे. दुसरे असे की, पुराचे पाणी आणणार कोठून? घराबाहेरची दृश्ये टाळून ध्वनिक्षेपकाच्या गाडीचा आवाज खिडकीतून येऊ द्यावा: आयर्विन पुलाजवळ पाणी आधी चाळीस फूट, मग पंचेचाळीस, शेवटी पंचावन्न. पंचेचाळीस ही धोक्याची पातळी आहे, हे सांगलीकराला सांगावे लागत नाही. बाहेरच्या प्रेक्षकासाठी मात्र तो आकडा ऐकताच नातू काय करतो, हे लिहावेच लागेल.

कृष्णाकाठ:
दोघांचेही आभार. आजी आणि नातवाच्या भांडणाचा दीड पानांचा संवाद आहे. तो ठेवावा का?

मिरजकर:
लुगडे दांडीवर गेले, तेव्हाच आजीचा नकार कळला. तोच पुन्हा बोलून दाखवणारा मजकूर मी काढून टाकीन. ती का हटत नाही, हे मात्र कृतीतून कळत नाही. त्यासाठी ‘दोन हजार पाचच्या पुरातसुद्धा मी हलले नव्हते’, एवढे एक वाक्य ठेवावे आणि ते तिने नातवाकडे न बघता म्हणावे.