नस, शीर, मज्जातंतू, चेता, तंत्रिका: यातला नेमका शब्द कोणता?

शेवंती

मधुमेहाच्या रुग्णांना वाटण्यासाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. त्यात 'नर्व्ह' (मेंदू आणि शरीर यांच्यात निरोप नेणारा तंतू) हा शब्द पानोपानी येतो आणि माझं घोडं तिथेच अडलं आहे. 'नस' लिहिलं तर वाचणाऱ्याला रक्ताची नस वाटते. 'मज्जातंतू' लिहिलं तर हाडातली मज्जा आठवते. शाळेच्या पुस्तकात 'चेतापेशी' आणि 'चेतासंस्था' आहे, मराठी विश्वकोशात नोंद आहे ती 'तंत्रिका तंत्र' या नावाने, आणि जुन्या लेखनात सरसकट 'ज्ञानतंतू' सापडतात. एवढी नावं कशी पडली, आणि ज्यांना हे सगळं माहीत नाही अशा माणसांसाठी मी काय लिहू?

टाचणी

बोलीत नस म्हणजे अंगात दोरीसारखं जे जे हाताला लागतं किंवा लागेलसं वाटतं ते सगळं. रक्त काढताना 'नस सापडेना', ती नीला, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणारी. 'मानेत नस दबली', ती तुमची नर्व्ह. रात्री झोपेत 'पायाची नस चढली' तेव्हा खरं तर पोटरीचा स्नायू आखडून गोळा आलेला असतो. 'मेंदूतली नस फुटली' म्हणतात ती बहुधा रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी. आणि 'नसबंदी'त जी बांधतात ती शुक्रवाहिनी!

गंमत अशी की यात कुणाचाही गोंधळ होत नाही. कारण अर्थ नामात नाहीच, क्रियापदात आहे. दबते ती एक, सापडते ती दुसरी, चढते ती तिसरी, फुटते ती चौथी. क्रियापद काढून घेतलंत आणि पत्रकात नुसतं 'नसांचे विकार' असं मथळ्यात टाकलंत की घोटाळा झालाच. तुमची अडचण शब्दाची कमी आणि मथळ्याची जास्त आहे.

'शीर' मात्र रक्ताच्या बाजूला जास्त झुकते. कपाळाची शीर उठते, लोक गळ्याच्या शिरा ताणून ओरडतात. (ऱ्हस्वदीर्घ सांभाळा. 'शीर' दुखली तर पाय, 'शिर' दुखलं तर डोकं, आणि 'शिरा' बिघडला तर स्वयंपाकघर.)

पोथी

या गोंधळाचं मूळ बरंच जुनं आहे. सुश्रुतसंहितेत शारीरस्थानात मोजदाद दिली आहे: ७०० सिरा, २४ धमन्या, ५०० पेशी, ९०० स्नायू. आता यातला 'स्नायू' म्हणजे आपण आज म्हणतो तो नव्हे. सुश्रुताचे स्नायू सांधे बांधून धरतात. आजच्या भाषेत अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे) आणि कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या). ज्याला आपण स्नायू म्हणतो त्याला तो 'पेशी' म्हणतो. आणि आपण 'पेशी' हा शब्द उचलून पार सूक्ष्मदर्शकाखाली नेऊन ठेवला! हिंदीत अजून 'मांसपेशी' म्हणजे स्नायूच, म्हणून 'चेतापेशी' हा शब्द हिंदी माणसाला दाखवलात तर त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल. बंगालीत तर 'स्नायू' म्हणजे चक्क नर्व्ह. एकच संस्कृत शब्द, नागपूरला एक आणि कोलकात्याला दुसरा.

आणि हे फक्त आपल्याकडे झालेलं नाही. ग्रीक 'न्यूरॉन' या शब्दाचा मूळ अर्थ कंडरा, धनुष्याची दोरी. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं आपल्या 'स्नायु', 'स्नावन्' यांच्याशीच जोडतात. लॅटिन 'नर्व्हस' त्याच कुळातला. पांढरी, चिवट दोरी दिसली की तिला न्यूरॉन म्हणायचं, मग ती हाड बांधणारी असो की संवेदना नेणारी. या दोन दोऱ्या वेगळ्या आहेत हे इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलस आणि एरासिस्ट्राटस यांनी शवविच्छेदन करून दाखवलं. आणि 'न्यूरॉन' हा शब्द एका पेशीसाठी वापरला तो वाल्डेयर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने, १८९१ साली. म्हणजे दोरीचं नाव पेशीला मिळायला दोन हजारांहून जास्त वर्षं लागली. तमिळमध्ये 'नरंबु' अजूनही नस, नर्व्ह आणि वीणेची तार असं तिन्ही आहे. 'तंत्रिका'सुद्धा 'तंत्री'वरून, म्हणजे तारच.

ठेचा

हे सगळं ठीक. पण मज्जा कुठून घुसली मधातच? आमच्याकडे मज्जा म्हणजे नळीतली, रश्श्यात टाकतात ती.

पोथी

तीच ती. आयुर्वेदातल्या सात धातूंपैकी सहावा धातू, हाडाच्या पोकळीत राहणारा. पाठीचा कणा हे एक पोकळ हाड आणि त्यात मऊ पांढरं काहीतरी. म्हणून ती मज्जा असं जुन्या माणसांना वाटणं साहजिक होतं. लॅटिनमध्येही पाठीच्या कण्यातल्या दोरीला 'मेड्युला' म्हणजे मज्जाच म्हणत, आणि जर्मनमध्ये आजही 'पाठमज्जा' अशाच अर्थाचा शब्द चालतो. मराठी 'मज्जारज्जू' त्याच वळणावर गेला. पुढे १८५४ मध्ये फिर्खो या जर्मन वैद्याने नर्व्हच्या भोवतालच्या स्निग्ध वेष्टनाला 'मायलिन' नाव दिलं, तेही मज्जा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून.

म्हणून 'मज्जातंतू' चुकीचा नाही. वर्तमानपत्रांनी तो रुळवलाही आहे. पण ज्या दवाखान्यात एका भिंतीवर 'अस्थिमज्जा प्रत्यारोपण' लिहिलं आहे, तिथे दुसऱ्या भिंतीवर 'मज्जातंतूंचा विकार' लिहायला माझा हात धजणार नाही.

रात्रपाळी

मी मेंदूविकाराच्या वॉर्डात काम करते, म्हणून 'चेता'ची बाजू घेते. इतर सगळे शब्द ती वस्तू दिसते कशी एवढंच सांगतात. दोरी, तार, मज्जा. ती करते काय हे सांगणारा एकच शब्द यात आहे. आपण शेकोटी चेतवतो ना? तेच ही पेशी करते.

स्वस्थ असताना चेतापेशीच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. पेशीच्या पटलातला एक पंप सतत तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, त्यातून सोडियमची बाहेर दाटी राहते. कुठून तरी धक्का आला आणि हे अंतर एका मर्यादेपर्यंत कमी झालं की सोडियमची दारं धाडकन उघडतात, सोडियम आत घुसतो, तेवढ्या जागेचा भार उलटा होतो आणि त्यामुळे शेजारची दारं उघडतात. मग त्यांच्या शेजारची. फटाक्यांची माळ एका टोकाला पेटवावी तसं. मर्यादेच्या अलीकडे काहीच नाही, पलीकडे पूर्ण. अर्धवट पेटणं नाही. चटका जोराचा असेल तर लहर मोठी होत नाही, ती जास्त वेळा जाते. माळ मात्र एकदाच वाजते, आणि इथे एक-दोन मिलिसेकंदांत दारं बंद होऊन पेशी पुन्हा तयार. हे सगळं हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी माखला या समुद्री जीवाच्या जाड अक्षतंतूवर (चेतापेशीच्या लांब शेपटावर) मोजून १९५२ मध्ये मांडलं.

'वीज वाहते' असं सर्रास लिहितात ते मला खटकतं. तारेत वीज वाहते तशी इथे वाहत नाही, जागोजागी नव्याने चेतते. म्हणून ती विजेच्या मानाने फार सावकाश जाते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या पायावर १८५० च्या सुमारास हा वेग मोजला तेव्हा तो सेकंदाला तीसेक मीटरच्या आत निघाला. त्याआधी लोकांना तो मोजता येणारच नाही इतका जास्त वाटत होता. मायलिनचं वेष्टन असेल तर लहर एका उघड्या जागेवरून पुढच्या उघड्या जागेवर उडी मारत जाते आणि जाड तंतूंत सेकंदाला शंभर मीटरच्या वर पोचते. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंत सेकंदाला जेमतेम एक मीटर.

हा फरक मराठीने शब्दांत पकडून ठेवला आहे. अंगठ्याला ठेच लागली की आधी लख्ख *कळ* जाते. ती पातळ वेष्टनाच्या तंतूंची. सेकंदभराने मागून येते ती *आग*, आणि ती रेंगाळते. ती बिनवेष्टनाच्या तंतूंची. दोन वेगळे रस्ते, दोन वेगळे शब्द.

रुग्ण बोलतो तेव्हा आम्ही नामाकडे लक्षच देत नाही. टाचणी म्हणतात तसं क्रियापद ऐकतो. 'मुंग्या येतात', 'झिणझिण्या येतात', 'करंट मारल्यासारखं होतं', 'सणक जाते', 'आग होते', 'बधिर पडतं': बहुतेक वेळा नर्व्ह. 'गोळा येतो', 'उसण भरली', 'लचकलं': स्नायू. 'ठसठसतं', 'उडतं': तिथे रक्त किंवा पू यांचा विचार आधी. याने निदान होत नाही, पण तपासायला सुरुवात कुठून करायची ते कळतं. मांडी घालून बसल्यावर पाय झोपतो तेव्हा लोक म्हणतात 'रक्त थांबलं'. मुख्य भानगड दबलेल्या नर्व्हची असते. दाब सुटल्यावर ती भलत्याच लहरी पाठवू लागते, त्या मुंग्या.

शेवंती, पत्रकात एक गोष्ट जरूर घ्या. मधुमेहात त्रास पायांच्या बोटांपासून का सुरू होतो? कंबरेजवळून निघालेला एकच तंतू बोटापर्यंत जातो, जवळजवळ मीटरभर लांब. पेशीचं मुख्य अंग वर कण्यापाशी आणि टोक तिथे खाली. जो सगळ्यात लांब तो सगळ्यात आधी कोलमडतो. म्हणून पायमोजा घालतो तेवढाच भाग बधिर पडत वर सरकतो, आणि बराच वर आल्यावर हातांची पाळी येते. (मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊनही मुंग्या येऊ शकतात. सगळ्याचं खापर साखरेवर फोडू नका, एकदा तपासून घ्या.)

टाचणी

'ज्ञानतंतू' मग बाद का?

रात्रपाळी

अर्धेच तंतू ज्ञान आणतात. बाकीचे हुकूम नेतात, हात उचल, डोळा मीट. आणि जे हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल बघतात त्यांचा तर आपल्याला पत्ताही नसतो. छान शब्द आहे, पण अपुरा.

ठेचा

आमच्या गावात अर्धांग लुळं पडलं की 'अंगावरून वारं गेलं' म्हणते. हे कोणत्या खात्यात?

पोथी

वाताच्या खात्यात. 'अर्धांगवायू'तला वायू तोच. आयुर्वेदात शरीरातली सगळी हालचाल वाताकडे. आणि गेलेन या रोमच्या वैद्याची कल्पना फार वेगळी नव्हती. त्याच्या मते नर्व्हमधून 'न्यूमा' नावाचं काहीतरी वाऱ्यासारखं खेळत असे. युरोपात हे दीड हजार वर्षं टिकलं.

'नाडी' मात्र यात आणू नये. योगातल्या इडा, पिंगला, सुषुम्ना म्हणजे आजच्या नर्व्ह, असं समाजमाध्यमांवर फिरतं. बहात्तर हजार नाड्या ही वेगळ्या शास्त्राची वेगळी मोजणी आहे. ती विच्छेदनाच्या टेबलावर शोधायची नसते. वैद्य बघतात ती नाडी तर सरळ मनगटातली रोहिणी.

रात्रपाळी

शब्द सुंदर आहे, पण जीव घेतो. 'वारं गेलंय' म्हटलं की तेल लावून शेकायला बसतात. बहुतेक वेळा मेंदूच्या रोहिणीत गुठळी अडकलेली असते, आणि ती विरघळवण्याचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं. तोंड वाकडं झालं, एक हात वर राहत नाही, बोलणं अडखळतं, यातलं काहीही एकाएकी झालं की गाडी काढा. शब्दचर्चेत अवांतर आहे, असू दे.

शेवंती

सगळ्यांचे आभार. ठरलं असं: मथळ्यात 'पायांच्या चेतातंतूंची काळजी'. पहिल्या परिच्छेदात एकदाच 'चेतातंतू, म्हणजे संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या आणि मेंदूचे आदेश आणणाऱ्या नसा. या रक्ताच्या नसा नव्हेत'. त्यानंतर लक्षणं सांगताना नाम टाळून नुसती क्रियापदं. 'मज्जा' कुठेही नाही.

आता शेवटचं. दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या 'सिनॅप्स'ला काय म्हणू? एका पानावर तो आला आहे. 'संधी', 'जोड', 'बंध' असं काहीसं डोक्यात आहे.

पोथी

या तिन्ही शब्दांवर एक जुनं भांडण आहे, म्हणून सांभाळून. इटलीच्या गोल्जीने १८७३ मध्ये एक रासायनिक रंगप्रक्रिया शोधली, तिच्यामुळे या पेशी पहिल्यांदा अखंड दिसल्या. त्याचं मत पडलं की सगळं एकसंध जाळं आहे. स्पेनच्या काहालने तीच पद्धत वापरून उलट सांगितलं: प्रत्येक पेशी सुटी, शेजारणीला नुसती खेटून. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, आणि गोल्जीने पारितोषिकाच्या भाषणातही काहालच्या सिद्धांतावर टीका केली! काहाल बरोबर होता हे १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने डोळ्यांनी दाखवलं. मध्ये वीस ते चाळीस नॅनोमीटरची मोकळी जागा असते आणि बहुतेक ठिकाणी रसायन ती ओलांडतं. 'जोड' किंवा 'बंध' म्हटलंत की मरणोत्तर निकाल गोल्जीच्या बाजूने लागतो. 'संधी' संस्कृतात सांधा. मराठी वाचक तिथे नोकरीची संधी वाचेल.

टाचणी

मग सरळ 'फट' म्हणा. दाराची असते, दातांत असते, पेशींमध्येही असू दे.

रात्रपाळी

नको हो. 'दोन पेशींमध्ये फट असते' असं छापलंत तर दुसऱ्या दिवशी ओपीडीत रांग लागेल, ही फट बुजवायला काय घ्यायचं म्हणून. सिनॅप्सच ठेवा.