‘पॉलिश’ म्हणजे नेमके काय? इनटेक मॅनिफोल्डच्या निमित्ताने

प्रश्न

जुन्या गाड्यांच्या देखभालीवर मराठीत टिपणे लिहिते आहे. एका वाक्याशी अडले: ‘इनटेक मॅनिफोल्ड पॉलिश केला की इंजिन देखणे दिसते आणि गाडीचा पिकअपही वाढतो.’ इथे ‘पॉलिश करणे’ला कोणता शब्द घ्यावा? झिलई, चकाकी, ओप, घोटणे, उजळणे, सगळेच थोडे थोडे बसतात आणि पूर्ण एकही बसत नाही. मॅनिफोल्डलाही, म्हणजे सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांच्या जोडालाही, मराठी शब्द असेल तर हवा आहे.

प्रतिसाद

झिलई घ्या. फारसीतून आलेला, मराठीत मुरलेला शब्द आहे. जुन्या लेखनात ‘जिल्हई’ असाही दिसतो. झिलई चढवणे, झिलईदार, सगळी रूपे तयार आहेत.

प्रतिसाद

कल्हई कशी वाटते? धातूशी जवळचा शब्द आहे.

प्रतिसाद

नाही, कल्हई म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून दिलेला कथलाचा थर. मुलामा म्हणजे वरून चढवलेला सोन्या-चांदीचा पातळ थर. दोन्हींत बाहेरून काहीतरी लागते. पॉलिशमध्ये काही लागत नाही, मूळ धातूच थोडा थोडा निघतो. ओप त्या मानाने जवळचा, पण तो दागिन्यांवर शोभतो. इंजिनाला ओप दिला असे म्हटले तर गॅरेजमधला माणूस बघत राहील.

प्रतिसाद

माझे काम इंजिनचेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ताई, शब्द मिळत नाही याचे कारण त्या एका वाक्यात दोन वेगळी कामे आहेत. ती वेगळी केली की शब्द आपोआप मिळतात.

पहिले काम बाहेरचे. अ‍ॅल्युमिनियमचा ओतीव मॅनिफोल्ड साच्यातून निघतो तेव्हा खरबरीत असतो, शिवाय साच्याचे दोन भाग जुळतात तिथे एक उंच रेघ राहते. ती रेघ कानशीने किंवा ग्राइंडरने काढायची. मग पॉलिश पेपर: 80 किंवा 120 नंबरपासून सुरुवात, पुढे 220, 400, 600, शेवटी पाणी लावून 1000. प्रत्येक नंबरला आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत थांबायचे. घाईने नंबर गाळला तर ते ओरखडे बफिंगनंतर जास्तच उठून दिसतात. शेवटी कापडी चाकावर बफिंग. या कामाला झिलई हा शब्द चोख आहे. मात्र ही झिलई टिकाऊ नसते. अ‍ॅल्युमिनियमवर हवेने ऑक्साइडचा थर धरतो, इंजिनच्या उष्णतेने आणि तेलकट धुळीने मॅनिफोल्डची चकाकी मंदावते, मग पुन्हा हात फिरवावा लागतो. आणि पिकअपशी या झिलईचा काडीचाही संबंध नाही. देखणेपणासाठी केलेले काम देखणेपणाचेच राहू द्यावे, त्यात कमीपणा कसला?

दुसरे काम आतले. हवा ज्या नळ्यांतून हेडकडे (सिलिंडरवरच्या झाकणाकडे) जाते त्यांच्या आतल्या भिंती. इथे फायदा चकाकीत नाही, आकारात आहे. ओतकामातून राहिलेले दाणे आणि कोर (कडेला उरलेली धातूची धार) काढणे. मॅनिफोल्डचे तोंड, पॅकिंगचे (मधल्या गॅस्केटचे) भोक आणि हेडमधला पोर्ट (हवा आत जाण्याची वाट) एका रेषेत आणणे, म्हणजे वाटेत हवेला पायरी लागणार नाही. पॅकिंग अर्धा मिलिमीटर जरी आत डोकावत असेल तरी ती पायरीच झाली. याला गॅरेजमध्ये ‘पोर्ट मॅचिंग’ म्हणतात. मराठीत ‘पोर्ट जुळवणे’ सरळ आणि पुरेसे आहे. भिंतींसाठी ‘घासून साफ करणे’ म्हणा. झिलई नको, ‘घोटणे’ तर मुळीच नको.

कारण सांगतो. घोटणे म्हणजे दाबून घासत पृष्ठभागाचा खरबरीतपणा मिटवून टाकणे. दौलताबादजवळ कागजीपुऱ्यात हातकागद होतो. तसला कागद दगडाने घोटला की त्याची छिद्रे मिटतात आणि शाई फुटत नाही. कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) गाडीत, समजा जुनी मारुती 800, नळीतून नुसती हवा जात नाही, पेट्रोलचे बारीक थेंबही जातात. भिंत आरशासारखी गुळगुळीत केली तर भिंतीवर बसलेले पेट्रोल पातळ थरासारखे पसरते आणि ओघळून पुढे सरकते. थोडी खरबरीत भिंत तिथल्या हवेत छोट्या भोवऱ्यांची हालचाल ठेवते, म्हणून थर मोडून थेंब पुन्हा प्रवाहात यायला मदत होते. थंड इंजिनात हे विशेष जाणवते. कार्ब्युरेटरच्या कितीतरी गाड्यांत मॅनिफोल्डला गरम पाण्याची किंवा एक्झॉस्टची ऊब देतात, ती पेट्रोलची वाफ व्हावी म्हणूनच. तेव्हा आतून 60 ते 80 नंबरचा फ्लॅप व्हील (पॉलिश पेपरच्या पट्ट्यांचे चाक) फिरवून थांबायचे. एमपीएफआय गाडीत, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर पेट्रोल फवारतो अशा गाडीत, इंजेक्टर हेडजवळ बसतो, नळीतून बहुतेक नुसती हवा जाते. तिथे आरसा केल्याने नुकसान नाही, पण साध्या गाडीत जाणवेल असा फायदाही नाही.

एक्झॉस्टच्या बाजूचे गणित वेगळे. तिथे गुळगुळीत भिंतीवर कार्बन कमी धरतो, म्हणून पॉलिशला अर्थ आहे. लोक हे ऐकतात आणि इनटेकलाही लावतात, गोंधळाचे मूळ इथेच असावे. बाकी गाडी कुठल्या आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांना) जोर धरेल यावर नळ्यांच्या लांबी-रुंदीचा प्रभाव मोठा असतो: लांब आणि बारीक असतील तर खालच्या आरपीएमला टॉर्क (ओढ) बरा मिळतो, आखूड आणि रुंद असतील तर वरच्या आरपीएमला. पॉलिश पेपरने हे बदलत नाही.

प्रश्नकर्ती

हे फारच उपयोगी आहे. म्हणजे माझे मूळ वाक्यच चुकीचे होते, शब्द सापडला असता तरी चुकीचेच राहिले असते. हेडला बसणाऱ्या सपाट भागाला काय म्हणू? आणि त्यालाही झिलई द्यायची का?

प्रतिसाद

‘बसण्याचा फेस’ म्हणा, सगळ्यांना कळेल. त्याला बफ कधीही लावू नका. बफच्या चाकाने कडा गोल होतात, पॅकिंग नीट दाबले जात नाही आणि ‘मॅनिफोल्ड एअर घेतो’, म्हणजे फटीतून जादा हवा ओढतो. मग मिश्रणात हवा वाढते, स्लोवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) गाडी थरथरते किंवा आपोआप रेस धरते. फेस वाकडा असेल तर मशीनवर सपाट करून घ्यावा. आणखी दोन गोष्टी टिपणात ठळक लिहा. अ‍ॅल्युमिनियमचा भाग साफ करायला कॉस्टिक सोड्यात टाकू नये, सोडा धातूच खातो. आणि घासकाम झाल्यावर आतला कण न् कण धुऊन, हवा मारून काढावा. उरलेली रेती सिलिंडरमध्ये गेली तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) खराब होतात. काम करताना मास्क लावा, अ‍ॅल्युमिनियमची बारीक धूळ साठू देऊ नका आणि तिथेच लोखंड घासून ठिणग्या पाडू नका. ती धूळ पेटते.

प्रतिसाद

मॅनिफोल्डबद्दल: इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ ‘अनेकपट’. एका तोंडातून अनेक नळ्या फुटतात म्हणून हे नाव. ‘बहुनलिका’ असा शब्द घडवता येईल, पण सुटा भाग विकणाऱ्या दुकानात तो मागून मिळणार नाही. मॅनिफोल्डच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे ‘सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांचा जोड’ एवढे लिहिले की पुरे.

प्रतिसाद

एक पुरवणी. ‘पॉलिश पेपर’ हा शब्द रंगकामात आणि गॅरेजात रुळलेला आहे, पण 80 नंबरचा पॉलिश पेपर काहीच पॉलिश करत नाही, तो धातू ओरबाडतो. नवशिक्या वाचकासाठी नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक, हे लिहाच.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. आता असे लिहिले आहे: ‘मॅनिफोल्डला बाहेरून झिलई दिल्याने इंजिन देखणे दिसते. आतून मात्र फक्त दाणे व कोर घासून साफ करावेत आणि पोर्ट जुळवावेत. कार्ब्युरेटरच्या गाडीत आतली भिंत आरशासारखी करू नये. पॅकिंग बसते त्या फेसला बफ लावू नये.’