तुमच्याकडं इंग्रजी शब्द आले कुठून? मराठवाड्यातल्या मंडळींचे अनुभव

सेलूकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी दहावीला इंग्रजी शिकवतो. पालकसभेत दरवर्षी ठरलेलं गाऱ्हाणं येतं, "सर, पोराचं ग्रामर बरंय, पण शब्दच नाहीत त्याच्याकडं." बी.एड.ला शिकलेलं उत्तर माझ्याकडं आहे. त्यानं पालकांचंही समाधान होत नाही आणि माझंही.

आपल्याकडं पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० सालच्या जूनपासून. त्याआधीच्यांनी एबीसीडी गिरवली ती पाचवीत. दोन्ही पिढ्यांनी लिहावं. अट एवढीच की शाळा मराठी माध्यमाची असावी आणि सांगाल ते स्वतः केलेलं असावं. "रोज दहा शब्द पाठ करा" हे सांगायला यूट्यूबवर फौज बसलेली आहे. क्लासची जाहिरात दिसली की उडवणार.

पूर्णा जंक्शन

मी रेल्वेतून निवृत्त झालो. वडील निजामाच्या राजवटीत शिकले, त्यांचा सगळा कारभार उर्दूत. सही फर्डी, पण इंग्रजीच्या नावानं शून्य. मॅट्रिकपर्यंत मी इंग्रजी धडे घोकून पास झालो आणि नोकरीला लागल्यावर हातात नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक पडलं. लाइन क्लिअर, कॉशन ऑर्डर, ऑथॉरिटी टू प्रोसीड. गाडी सोडायची म्हटल्यावर शब्दाचा अर्थ अंदाजपंचे घेऊन भागत नाही. नियमात 'शॅल' असलं तर ते करावंच लागतं, 'मे' असलं तर करायची मुभा असते. माझे वरिष्ठ स्टेशनमास्तर रात्रपाळीत एक नियम वाचायला लावायचे आणि म्हणायचे, "आता हेच पॉइंट्समनला सांगतोस तसं मराठीत सांग." सांगता आलं नाही तर नियम कळलेला नाही, असा त्यांचा हिशोब.

दुसरी गोष्ट पेपरची. हैदराबादहून इंग्रजी पेपर यायचा. आख्खा वाचायला गेलो की दुसऱ्या परिच्छेदात दम निघायचा. मग मी एकच विषय धरला, पाऊस आणि धरणं. आपल्या भागात त्याची बातमी कधी आटत नाही. जायकवाडीत पाणी किती आलं, सोडलं किती, पाऊस सरासरीच्या किती खाली. इनफ्लो, कॅचमेंट, डिस्चार्ज, डेफिसिट, स्कँटी हे शब्द आठवड्यातून दोनतीनदा समोर यायचेच. डिक्शनरी एकदाच उघडायची, पुढं बातमीच उजळणी करून घ्यायची. एक पावसाळा सरला की दुसरा विषय. नातवाला हेच सांगतो. त्यानं क्रिकेट धरलंय, त्यालाही माझी हरकत नाही.

क्रिकेटवेडा जालनेकर

काकांच्या नातवाला माझा पाठिंबा! माझं निम्मं इंग्रजी कॉमेंट्रीचं आहे. आवाज चालू ठेवून मॅच बघायची, डोळ्याला दिसतं तेच कानावर पडतं. एज, मिसटाइम्ड, कॉन्सिड, कोलॅप्स हे कुणी शिकवले नाहीत. पुढं 'कोलॅप्स' पेपरात पुलाच्या बातमीत भेटला तेव्हा डिक्शनरी लागली नाही.

अभ्यासिका, औरंगपुरा

सेलूकर सर, पाठांतराला तुम्ही सुरुवातीलाच बाद केलंत, ते मला मान्य नाही. बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्याकडं दोन पावसाळे पेपर वाचायला वेळ नसतो. आयबीपीएस पीओच्या, म्हणजे बँक अधिकारी भरतीच्या पूर्व परीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न असतात आणि त्याला २० मिनिटं. क्लोज टेस्ट (उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरायच्या) आली की शब्द येतो किंवा येत नाही. मी घोकलेत आणि माझा फायदा झालाय. फक्त घोकायची पद्धत सांगतो.

मिठाईचे रिकामे खोके घेतले आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या कापल्या. चिठ्ठीवर शब्द लिहायचा नाही, वाक्य लिहायचं आणि शब्दाच्या जागी रेघ. उत्तर मागं. पहिल्या खोक्यातल्या चिठ्ठ्या रोज, दुसऱ्यातल्या दोनतीन दिवसांनी, तिसऱ्यातल्या आठवड्यानं. बरोबर आली की चिठ्ठी पुढच्या खोक्यात जाते, चुकली की थेट पहिल्यात. ही युक्ती माझी नाही. सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन माणसानं १९७२ साली ती पुस्तकात मांडली. पाठ केलेलं सुरुवातीला भराभर आणि मग हळूहळू निसटतं, हे एबिंगहाउस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं तर १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. म्हणजे उजळणी केव्हा करायची यालाच महत्त्व. एकाच रात्री पन्नास वेळा म्हणून उपयोग नाही.

ॲन्की नावाचं ॲप हेच काम करतं, अँड्रॉइडवर फुकट आहे. पण अभ्यासिकेत मोबाइल हातात घेतला की काय होतं ते सगळ्यांना माहितीय. त्यापेक्षा खोकी बरी.

तालुका केज

जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आमच्याकडचा पेच वेगळा. दिवाळी झाली की निम्मा वर्ग आईबापासोबत ऊसतोडीला जातो आणि पाडव्याच्या आसपास परततो. काही लेकरं हंगामी वसतिगृहात आजीआजोबांजवळ राहतात, पण सगळी नाही. परत आलेल्यांची पाटी कोरी असते असं आम्ही शिक्षकच एकमेकांत म्हणायचो.

एका वर्षी पाडव्यानंतर मी विचारलं, कारखान्यावर कायकाय बघितलं ते सांगा. ट्रॅक्टर, ट्रॉली, टायर, चेन, ब्रेक, गिअर, पंक्चर, लोड, अनलोड, नंबर, गेट, बॉयलर, मोलॅसिस. फळा भरला, तरी पोरं थांबेनात. 'मोलॅसिस' तर आमच्या गुरुजींनाही लिहिता येईना. त्यानंतर मी वर्षाची सुरुवात या शब्दांनीच करते. उच्चार आणि अर्थ लेकरांकडं आधीच असतात, मला फक्त स्पेलिंग जोडून द्यायचं. 'लोड' आणि 'अनलोड' येतो म्हटल्यावर 'लॉक-अनलॉक', 'टाय-अनटाय' ओढून आणायला कितीसा वेळ लागतो?

फडावर असलेल्या मुलांना संध्याकाळी वडिलांच्या फोनवर दोन मिनिटांची इंग्रजी गोष्ट रेकॉर्ड करून पाठवते. गोष्ट नवी, शब्द जुनेच. रिचार्ज संपला की गोष्ट बंद, त्यावर माझ्याकडं इलाज नाही.

लातूरची आई

लेकीचं दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि मग अकरावी सायन्स. लातुरात हे घरोघरी आहे. जो तो म्हणाला, संज्ञांची यादी करा. केली. त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, परासरण म्हणजे ऑस्मॉसिस. त्या दिवाळीच्या आत तिच्या तोंडात बसल्या, कारण मराठी पुस्तकातही त्या कंसात असतात आणि वर्गात सर दिवसभर त्याच बोलतात. तरी गणितं सुटेनात.

मी बी.ए. झालेली, फिजिक्समध्ये मला ओ की ठो कळत नाही. म्हणून तिला प्रश्न मोठ्यानं वाचायला लावला आणि ती जिथं अडखळली त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारत गेले. पानभर प्रश्न झाल्यावर बघते तर एकाही संज्ञेखाली रेघ नाही. रेघा होत्या रिस्पेक्टिव्हली, निग्लेक्ट, अझ्यूम, इनिशियली, प्रपोर्शनल, एक्सेप्ट या शब्दांखाली. एक प्रश्न असा होता की दोन आणि चार किलोच्या दोन वस्तू तीन आणि पाच मीटर पर सेकंद वेगानं चालल्यात, रिस्पेक्टिव्हली. तिला मास माहीत, व्हेलॉसिटी माहीत, पण तीनचा वेग कुणाचा आणि पाचचा कुणाचा हेच लागेना. 'अनुक्रमे' म्हटल्याबरोबर हातातलं पेन चाललं. 'निग्लेक्ट एअर रेझिस्टन्स' वाचून पोरगी हवेचा विरोध कुठल्या सूत्रात घालायचा ते शोधत बसलेली. आणि 'स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट'! रेस्ट म्हणजे विश्रांती हे तिला पाचवीपासून येतं. इथं त्याचा अर्थ सुरुवातीचा वेग शून्य, आणि तो शून्य घेतल्याशिवाय गणित पुढं सरकत नाही. जीवशास्त्रात 'ऑल ऑफ द फॉलोइंग एक्सेप्ट' नीट वाचलं नाही तर मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, 'नीट'मध्ये, चार मार्क जातात, वर एक कापतात.

मग वही बदलली. शब्द आणि अर्थ अशा दोन रांगा बंद. अडलेला प्रश्न आख्खा उतरवायचा, शब्दाखाली रेघ मारायची आणि खाली एका ओळीत लिहायचं की या शब्दामुळं गणितात काय करायचं. रेस्टखाली तिनं लिहिलं, 'यू बरोबर शून्य'. ही वही सहामाहीपर्यंत निम्मीच भरली. नवे शब्दच येईनात, फिरून फिरून तेच.

सेलूकर

ताई, तुम्ही पेन्सिलीनं केलंत ते काम न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी मोठ्या प्रमाणावर केलंय. विद्यापीठातल्या सगळ्या विषयांच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येणारे, पण कुठल्या एका विषयाचे नसलेले शब्द त्यांनी वेचले. त्यांच्या २००० सालच्या यादीत ५७० शब्दकुळं आहेत (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कूळ). अझ्यूम, इनिशियल, प्रपोर्शन सगळे तिथं सापडतात. शाळेत ते कुणीच शिकवत नाही. इंग्रजीच्या सरांना वाटतं ते सायन्सवाल्यांचं काम, सायन्सच्या सरांना वाटतं ते इंग्रजीवाल्यांचं.

त्याआधीची यादी मायकेल वेस्ट यांची, १९५३ ची, नेहमी लागणाऱ्या सुमारे २००० शब्दांची. हे गृहस्थ इंग्रजांच्या काळात ढाक्याला शिक्षक घडवायच्या कॉलेजात होते, बंगाली पोरांना इंग्रजी वाचताना कुठं अडतं ते त्यांनी जवळून पाहिलेलं. एवढ्या शब्दांत साध्या मजकुराचा साधारण ८० टक्के भाग येतो. ऐकायला भारी वाटतं, पण उलटं बघा. दर पाचवा शब्द अडतो. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या २००६ च्या हिशोबानं कादंबरी किंवा पेपर मदतीशिवाय वाचायला ८ ते ९ हजार शब्दकुळं लागतात. वर्गात एवढे शब्द शिकवून होणं शक्य नाही. म्हणून माझं मत असं झालंय की पहिले दोन हजार शिकवावेत, अगदी घोकूनसुद्धा (अभ्यासिकावाले, खूश?), आणि पुढचे ज्याच्या त्याच्या विषयातून, पूर्णा जंक्शन काकांच्या धरणांसारखे यावेत.

वॉर्ड नंबर चार

अंबाजोगाईला नर्सिंग केलं. आमच्या मॅडमनी पहिल्या महिन्यात शब्दांचे तुकडे शिकवले. 'आयटिस' म्हणजे दाह, म्हणून हेपटायटिस, गॅस्ट्रायटिस. 'एक्टोमी' म्हणजे कापून काढणं, 'स्कोपी' म्हणजे नळीतून आत बघणं. हे ग्रीकातून आलेले तुकडे एकदा ओळखीचे झाले की न ऐकलेला आजारही अर्धा कळतो. फक्त 'हायपो' आणि 'हायपर' मॅडम रोज विचारायच्या. साखर उतरलेल्या पेशंटला जे द्यायचं, त्याच्या उलटं चढलेल्याला. तिथं एका अक्षरावर जीव असतो.

कृषी सेवा केंद्र, वसमत

तुकड्यांचं खरंय, पण जपून. 'इन' लागला की नाही असा अर्थ, हे शिकून आमच्याकडं कामाला आलेल्या पोरानं 'इन्फ्लेमेबल' लिहिलेला ड्रम चुलीजवळ ठेवला होता. त्याचा अर्थ पेट घेणारा! बाकी औषधांच्या डब्यांवरून पोरं पुष्कळ शिकतात. त्रिकोणाचा रंग बघायचा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. त्याखालचं डायल्यूट, सिस्टिमिक, अँटिडोट मी गिऱ्हाइकाच्या कॉलेजातल्या पोरालाच वाचायला लावतो. बाप उभा असतो ऐकायला, पोरगं चुकवत नाही.

पुणे व्हाया उदगीर

शब्दांची संख्या माझ्याकडं भरपूर होती, जोड्या नव्हत्या. मीटिंगमध्ये 'डिस्कस अबाउट', 'मॅरीड विथ'. आपण 'च्याबद्दल' चर्चा करतो आणि 'च्याशी' लग्न करतो, तेच तिकडं उतरतं. आता शब्द एकटा लिहीतच नाही. डिपेंड ऑन, अफ्रेड ऑफ, मॅरीड टू, असा शेपटासकट. डिस्कसला शेपूट नाही हेही लिहून ठेवतो. डिक्शनरी घ्यायची तर शिकणाऱ्यांसाठीची इंग्रजी-इंग्रजी घ्या, तिच्यात शब्दामागं काय येतं ते उदाहरणात दिलेलं असतं. खिशातल्या इंग्रजी-मराठीत ते मिळत नाही.

नवीन सदस्य

नीट आता मराठीतून देता येते ना? मग एवढा खटाटोप कशाला?

लातूरची आई

देता येते. पण प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी अशी दोन्हीत असते आणि भाषांतरात गोंधळ असेल तर इंग्रजी मजकूर धरतात. आमची मराठीतला प्रश्न आधी वाचते, शंका आली तर बाजूचा इंग्रजी. त्यासाठी तरी तो वाचता आला पाहिजे.

वॉर्ड नंबर चार

आणि पास झाल्यावर? आमच्या इथल्या मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला ॲनाटॉमीचं पुस्तक इंग्रजीतच येतं. होस्टेलवरची मराठी माध्यमाची पोरं पहिले दोन महिने निम्मी रात्र डिक्शनरीतच असतात. ताई, तुमच्या लेकीची ती वही जपून ठेवा. आमच्या इथल्या दोघींना झेरॉक्स पाहिजे.